अर्धवट विमान कुठे ठेवायचं?

प्लॅस्टिकचे तुकडे जोडून विमानं-जहाजांची छोटी मॉडेलं बनवायला घरात किती जागा लागते, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, अर्धवट राहिलेलं काम कुठे ठेवणार आहात? बनवायला फार जागा लागतच नाही. दोन्ही कोपरं टेकली आणि मधे हात फिरला की झालं. पण रोज तास-दीड तास बसलं तरी एक साधं विमान जोडून, रंगवून व्हायला महिना सहज जातो, आणि तो महिनाभर ते विमान कुठेतरी राहायला हवं. माझी पहिली दोन मॉडेलं बनवताना मोडली नाहीत. आवरून ठेवताना मोडली.

हा छंद मुळात माझ्या लेकाचा. दीड विमान करून त्याचा उत्साह संपला, उरलेलं अर्धं मी पूर्ण केलं आणि मग मलाच ते सुटेना. तेव्हा काम चालायचं जेवणाच्या टेबलावर. रात्री सगळं मांडायचं, झोपताना सगळं उचलून खोक्यात भरायचं. निम्मा वेळ या मांडामांडीत आणि आवराआवरीत जायचा, शिवाय घाईत भरलेल्या खोक्यात शेपटी एकीकडे आणि चाकं दुसरीकडे. इतका वैताग आला की मी थेट दुसरं टोक गाठलं आणि चांगलं पाच फुटी टेबल आणलं. सहा महिन्यांत त्या पाच फुटांतली मोकळी जागा उरली कटिंग मॅटएवढी, म्हणजे कापताना खाली घ्यायच्या चटईएवढी. बाकी सगळीकडे बाटल्या, खोकी, वाळत ठेवलेले तुकडे आणि ‘बघू नंतर’ म्हणून ठेवलेलं काय काय. गंमत म्हणजे त्या मॅटएवढ्या जागेत माझं काम कधी अडलं नव्हतं. मग ते टेबल लेकाला अभ्यासाला दिलं आणि मी माझ्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर आले. मशीन काढलं, खाच फळीनं बुजवली. रुंदी ९० सेंटिमीटर, खोली ४५. गेली कित्येक वर्षं तेवढं पुरलंय.

आधी माप

टेबल केवढं हवं हे मॉडेल ठरवतं, आणि तो हिशेब कागदावर होतो. १/७२ म्हणजे खऱ्या वस्तूचे ७२ सेंटिमीटर मॉडेलवर १ सेंटिमीटर. सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वाअकरा मीटरच्या आसपास. १/७२ मध्ये ते १५.६ सेंटिमीटर भरतात, १/४८ मध्ये २३.४ आणि १/३२ मध्ये ३५. चार इंजिनांचं बी-१७ बॉम्बफेकी विमान १/७२ मध्येच ४४ सेंटिमीटर होतं, १/४८ मध्ये ६६. टायटॅनिक २६९ मीटर लांब होती. १/७०० मध्ये ती ३८ सेंटिमीटर होते, १/३५० मध्ये ७७. म्हणजे १/३५० ची टायटॅनिक माझ्या टेबलावर आडवी बसेल खरी, पण मग निपर, म्हणजे तुकडे कापायची छोटी पक्कड, मांडीवर ठेवावा लागेल.

किट, म्हणजे मॉडेलच्या सुट्या तुकड्यांचं खोकं, घेण्याआधी तेवढ्या लांबी-रुंदीचा पुठ्ठा कापा आणि टेबलावर ठेवून गोल फिरवून बघा. काम करताना मॉडेल सतत उलटंपालटं होत असतं, त्यामुळे ते नुसतं मावून भागत नाही. तोच पुठ्ठा मग ज्या कपाटात मॉडेल शेवटी राहणार तिथे लावून बघा. हे न करता मी एकदा फसले आहे. ते जहाज अजून कपाटावर आहे, कपाटात नाही.

बसणं आणि उजेड

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले खुर्चीवर आणि दिव्यावर करा, हत्यारांवर नंतर. साधं टेबल ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतं. लिहायला ते ठीक. बारीक कामाला मात्र कामाची पातळी कोपरापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर वर हवी, नाहीतर काम डोळ्यांजवळ येत नाही, डोळेच कामाजवळ जातात आणि मान वाकून बसते. शिवणकामात ही मानदुखी मी पुरेशी भोगली होती, म्हणून मॉडेलांच्या वेळी शहाणी झाले. टेबलावर एक जाड फळी, तिच्या खाली दोन ठोकळे, एकूण आठ सेंटिमीटर उंची. बारीक काम त्या फळीवर, बाकीचं खाली टेबलावर. मनगटं फळीच्या काठावर टेकली की हात थरथरत नाहीत, हा दुसरा फायदा.

चाळिशी लागलेल्यांनी डोक्यावर लावायचं भिंग घ्यावं. सगळ्यात जास्त मोठं दाखवणारं भिंग घ्यायचा मोह होतो, तो टाळा. भिंग जितकं जोरदार तितकं वस्तूच्या जवळ जावं लागतं. इतकं जवळ की सुरी आणि नाक यांच्यात अंतर उरत नाही. दुप्पट दाखवणारं रोजच्या कामाला पुष्कळ.

आता दिवा. एकच असेल तर उजव्या हातानं काम करणाऱ्यानं तो डाव्या अंगाला ठेवावा, नाहीतर आपल्याच हाताची सावली नेमकी सुरीच्या टोकावर पडते. दोन असतील तर दोन्ही बाजूंनी लावा, सावल्या एकमेकींना पुसतात. बल्ब एलईडी, पांढऱ्या उजेडाचा, ५००० केल्विनच्या आसपास. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, तो ९० च्या वर असलेला घ्या. उजेडात रंग किती खरे दिसतात ते त्यावरून कळतं. हे मला एका विमानाच्या पोटानं शिकवलं. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली मी फिकट निळा रंग कालवत होते. तो सारखा मळकट, करडा दिसे, म्हणून मी निळा थेंब-थेंब वाढवत गेले. रात्री अगदी मनासारखा झाला. सकाळी खिडकीशी नेलं तर पोट पोहण्याच्या तलावासारखं निळंशार.

याशिवाय एक छोटा टॉर्च हाताशी ठेवा, पण तो वरून मारण्यासाठी नव्हे. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग चिकटवून, घासून झाले की टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. वरच्या उजेडात गुळगुळीत दिसणारा सांधा त्या तिरप्या उजेडात ठळक रेघेसारखा उठतो. रंग दिल्यावर दिसण्यापेक्षा आधी दिसलेला बरा.

मॅट, सुरी आणि गोंद

कटिंग मॅट ए३ आकाराची घ्या, म्हणजे ४२ बाय २९.७ सेंटिमीटर. ए४ वर हत्यारं ठेवली की कापायला जागा राहत नाही. मॅट ऊन आणि उष्णता यांपासून लांब आणि नेहमी सपाट ठेवा. माझी पहिली मॅट खिडकीत उभी टेकवून ठेवली होती, ती अशी वाकली की पुन्हा कधी सरळ झाली नाही.

सुरवातीला हत्यारं मोजकीच लागतात. स्प्रूवरून, म्हणजे तुकडे ज्या चौकटीला जोडलेले असतात तिच्यावरून, ते सोडवायला सपाट तोंडाचा निपर, बदलत्या पात्याची सुरी, एक सरळ आणि एक वाकडा चिमटा, ४०० पासून २००० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप. बाकीचं अडेल तेव्हा घ्या. निपर तुकड्याला अगदी खेटून चालवायचा नाही. थोडं ठूठ राहू द्यायचं आणि ते सुरीनं पातळ-पातळ सोलायचं, नाहीतर त्या जागी प्लॅस्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो.

सुरीची मूठ गोल असते आणि टेबल कधीच पूर्ण सपाट नसतं. एके दिवशी ती घरंगळली आणि मी सवयीनं तिला झेलायला मांडी मिटली. टाके पडले नाहीत एवढंच. तेव्हापासून दोन नियम आहेत. मुठीच्या मागच्या टोकाला मास्किंग टेपचा एक झेंडा गुंडाळायचा, म्हणजे ती घरंगळत नाही. आणि हत्यार पडलं तर हात पुढे करायचा नाही, पाय मागे घ्यायचे. जुनी पाती झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. कचऱ्यात सुटी टाकलेली पाती दुसऱ्या कोणाच्या तरी बोटात जातात.

गोंदाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण टेबल कसं लावायचं हे पुष्कळसं त्यावर ठरतं. बहुतेक किटं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकची असतात. त्यांचा पातळ सिमेंट हा खरं तर गोंदच नाही. तो प्लॅस्टिक विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि मधला द्रव उडून गेला की एकच तुकडा तयार होतो. लावण्याची रीतही उलटी आहे. आधी दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे, मग ब्रशचं टोक फटीला एका ठिकाणी नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप फटीतून धावत जातो, बघत राहावंसं वाटतं. फक्त आपली बोटं त्या फटीवर नकोत. बोट असेल तर द्रव बोटाखाली शिरतो आणि ठसा प्लॅस्टिकमध्ये कायमचा कोरला जातो. माझ्या एका विमानाच्या पाठीवर माझा अंगठा आहे, ओळख पटवायला उपयोगी पडेल इतका स्पष्ट. म्हणून फटीपासून लांब धरायला रबरबँड आणि कपड्यांचे चिमटे टेबलाच्या डाव्या हाताला कायम हवेत.

या सिमेंटची बाटली अरुंद आणि उंच असते आणि ती एकदा तरी कलंडतेच. कलंडली की समोरच्या मॉडेलचं काय होतं ते वर सांगितलेल्या रसायनशास्त्रावरून ओळखा. दहा सेंटिमीटर चौरस लाकडी ठोकळ्यात बाटलीच्या मापाचं भोक पाडून घ्या आणि बाटली त्यातच बसवा. एका वेळी एकच बाटली उघडी. आणि हो, ती थर्माकोलवर ठेवू नका. थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, फुगवलेलं. सांडलेला थेंब त्यात भोक पाडत खाली जातो.

सुपर ग्लू वेगळी गोष्ट. धातू आणि रेझिनच्या (साच्यात ओतून बनवलेल्या कडक राळेच्या) तुकड्यांना तोच लागतो, पण त्याच्या वाफेनं जवळच्या पारदर्शक काचा धुरकट होतात. विमानाची काच लावायला पांढरा लाकूडगोंदच बरा. सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओला असताना पाण्यानं पुसता येतो. सुपर ग्लू दमटपणानं घट्ट होत असल्यामुळे उघडलेली बाटली सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत ठेवा.

जमीन

सगळ्यात जास्त तुकडे टेबल आणि जमीन यांच्यामध्ये हरवतात. चिमट्यात धरलेला तीन मिलिमीटरचा तुकडा जरा जोर पडला की उडतो, आणि कुठल्या दिशेला गेला हे सांगता येत नाही. सोनाराच्या बाकाला खाली चामड्याची झोळी असते, खाली पडलेला कण वाया जाऊ नये म्हणून. मी तेच केलं. जुन्या चादरीचा तुकडा, एक कड टेबलाच्या खालच्या काठाला, दुसरी कमरेला क्लिपनं. बसताना लावायची, उठताना काढायची. काढायचं विसरून उठलात तर टेबलही तुमच्याबरोबर यायला बघतं.

फार बारीक तुकडा कापायचा असेल तर स्प्रूचा तो भाग आणि निपर दोन्ही पारदर्शक पिशवीत घालून आतच कापा. इतकं करूनही जमिनीवर गेलाच तर घाईनं उठू नका, आधी आपल्या कपड्यांवर बघा. मग खोलीतला दिवा घालवून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा. सपाट उजेडात एवढ्याशा तुकड्याचीही लांबच लांब सावली पडते. तरी नाही सापडला तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर पातळ मोजा ताणून बांधा आणि फिरवा. मोज्यावर काय-काय जमतं ते बघून घर झाडण्याबद्दलचे आपले गैरसमज दूर होतात.

ट्रे

मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच. बाहेरून ३० बाय ४० सेंटिमीटरचे, दोन सेंटिमीटर काठाचे सारखे ट्रे घ्या. एक मॉडेल, एक ट्रे. त्यात त्याचे स्प्रू, सूचनांचं पुस्तक, डेकलचा (मॉडेलवर चिकटवायच्या खुणा-चिन्हांचा) कागद झिपच्या पिशवीत, आणि सुटे तुकडे औषधांच्या खणांच्या डबीत. तुकडा स्प्रूवरून काढला की त्याचा नंबर जातो, म्हणून खणावर लिहून ठेवा. टेबलाखाली दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकून मी तीन ट्रे सरकवण्याची सोय केली आहे. पट्ट्यांमध्ये उभं अंतर १५ सेंटिमीटर ठेवलंय, चाकांवर उभं असलेलं विमान त्यात मावतं. काम थांबवायचं म्हणजे ट्रे आत ढकलायचा. सुरू करायचं म्हणजे बाहेर ओढायचा. तीनच का? चार केले तर चार अर्धवट राहतात.

रंगाची जागा

जमत असेल तर रंगाची जागा घासण्याच्या जागेपासून वेगळी करा, निदान वेळ तरी वेगळी. घासल्याची धूळ ओल्या रंगावर बसली की ती कायमची. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासलं तर धूळ उडतच नाही आणि पेपरही भरून येत नाही. रेझिन तर ओलंच घासायचं, त्याची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये.

ब्रशनं ॲक्रिलिक लावत असाल तर खिडकी उघडी असली की भागतं. ब्रश धुऊन आडवे वाळवा, उभे ठेवले तर पाणी मुळाशी उतरतं आणि केस सुटतात. ब्रश धुण्याचं पाणी आणि पिण्याचं पाणी एकसारख्या भांड्यांत ठेवू नका. याच्यामागची हकीकत सांगत नाही.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंगाचा बारीक फवारा मारणारं पेनासारखं हत्यार, किंवा स्प्रेचा डबा वापरणार असाल तर मात्र हवा बाहेर काढणारी पेटी हवीच. पेटीत मागे पंखा असतो आणि पंख्यापासून खिडकीबाहेर नळी. पंख्यापुढची जाळी फक्त रंगाचे कण अडवते, थिनरची वाफ तिच्यातून आरपार जाते. त्यामुळे नळी न लावता पेटी खोलीतच चालवली तर वाफ तुमच्याकडेच परत येते. नळी आखूड आणि सरळ ठेवा, प्रत्येक वळणावर ओढ कमी होते. दार थोडं उघडं राहू द्या, कारण जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला हवी. टिश्यू पेपरची पट्टी पेटीच्या तोंडाशी धरून बघा. ती आत ओढली गेली तर ठीक, नुसती लोंबकळली तर पंखा अपुरा आहे. थिनरच्या वाफा पेट घेतात, म्हणून मोटर वाफेच्या वाटेत नको, निदान ठिणगी न पाडणाऱ्या जातीची हवी, आणि आसपास ज्योत अजिबात नको.

मास्कचंही तसंच. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनचे डबे लावलेला मास्क लागतो, आणि काम झालं की तो झिपच्या पिशवीत बंद करून ठेवायचा, नाहीतर डबे पडल्या-पडल्याही वास शोषत संपून जातात.

एअरब्रशला हवा पुरवणारा कंप्रेसर टाकी असलेला घ्या. बिनटाकीचा हवा धक्क्या-धक्क्यानं सोडतो आणि रंगही तसाच येतो. पातळ केलेल्या ॲक्रिलिकला मी १५ ते २० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब ठेवते, ०.३ मिलिमीटरच्या नोझलला. कंप्रेसर जमिनीवर, जाड रबराच्या तुकड्यावर ठेवला की आवाज खूप कमी होतो. माझा आधी टेबलावरच होता, आणि टेबलावरचं सगळं हळूहळू काठाकडे चालत जायचं.

रंगवलेले तुकडे धरायला दातांच्या क्लिपा काड्यांवर बसवा आणि काड्या जाड पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांत खोचा. वाळताना वर पारदर्शक डबा पालथा घाला. इनॅमलला, म्हणजे तेलाच्या रंगाला, एक दिवस तरी द्या. वाळला का हे बोटानं बघायचं नसतं, नाकानं बघायचं. वास येतोय तोवर वाळलेला नाही.

उठण्याआधीची पाच मिनिटं

सिमेंटचं झाकण घट्ट, पातं झाकलेलं, मॅट पुसलेली. मग मास्किंग टेपच्या तुकड्यावर पुढचं काम लिहून तो ट्रेच्या काठाला चिकटवायचा. ‘पुढचं चाक’ एवढंच लिहून चालत नाही, दोन आठवड्यांनी आपलंच आपल्याला कळत नाही. मधे लेकाची परीक्षा आली आणि महिनाभर बसणं झालं नाही. परत आले तेव्हा ट्रेवर लिहिलं होतं, ‘डावा पंख नुसता टेकवलाय, चिकटवलेला नाही. विमान नाकाकडून उचल.’ मी नाकाकडूनच उचललं.